संतोषाचें दान कीं वर्गणीची पट्टी?

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून 'संतोषानें देणारा' हा पौलाचा शब्द थाळी फिरतांना हटकून ऐकूं येतो. पण तो ज्या पत्रांत आला त्याचा संदर्भ मात्र क्वचितच सांगितला जातो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8 व्या व 9 व्या अध्यायांत यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठीं निधि जमविण्याचा प्रश्न आहे. तेथें पौल धनिकांचा नव्हे, तर दरिद्री मासेदोनियाकरांचा दाखला देतो; आणि त्यांनीं द्रव्यापूर्वीं स्वतःस प्रभूला वाहिलें, हें मुद्दाम नमूद करितो. हा क्रम उलटला कीं दानाची निव्वळ पट्टी होते.

कोणी म्हणतील, दशमांशाचा नियम नसेल तर पाळकाचें वेतन कोठून निघावें? नियम अवश्य असावा. परंतु नियम पाळला म्हणजे नवजीवन लाभलें असें समजणें ही शुद्ध आत्मवंचना होय. उलट, जागृतीच्या सभेंत अश्रु ढाळून घरीं कुळाला नाडणाऱ्याचें पुनरुज्जीवनही आम्हांस मान्य नाहीं. जक्कयाचा पालट त्याच्या हिशेबांत उतरला: अर्धें धन गरिबांस, नाडलेल्यांस चौपट परतफेड.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 1917 सालीं मिशनचें वेतन सोडून 'देवाचा दरबार' मांडला. तो त्याग कोणत्याही वर्गणीच्या वहींत मावणारा नव्हे. देणगीदारांच्या नांवांच्या संगमरवरी पाट्या भिंतींवर बसविणाऱ्यांनीं एवढेंच सांगावें: त्या विधवेच्या दोन टोल्यांसाठीं त्यांवर जागा कोठें ठेविली आहे?