पाणी किती सुटलं ते कळतं. घरी कधी पोचायचं ते सांगा

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, नागपूर

विषय : वैनगंगेकाठी बारा महिने राहणाऱ्यांना लागणारी माहिती

महोदय,

पावसाळ्यात आमच्याकडे प्रत्येकाच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत असतो. गोसीखुर्द धरणाचे ३३ पैकी इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, विसर्ग इतके क्युमेक्स, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. जागरण करून हा मेसेज पाठवणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. अडचण एवढीच, की तो चारदा वाचला तरी आरमोरीचा माणूस संध्याकाळी गडचिरोलीहून घरी पोचेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

आम्ही कोण, ते आधी सांगतो. वडसा आणि आरमोरी ही वैनगंगेकाठची दोन छोटी शहरं. वडशाला रेल्वे आहे, धानाच्या गिरण्या आहेत आणि दिवाळीनंतर अख्ख्या झाडीपट्टीच्या नाटकांचं बुकिंग तिथूनच चालतं. आरमोरीला टसरचं कोसा कापड विणलं जातं. पण पगाराच्या नोकऱ्या, मोठे दवाखाने, कोर्टकचेऱ्या, २०११ साली सुरू झालेलं गोंडवाना विद्यापीठ हे सारं गडचिरोलीला. त्यामुळे सकाळी डबा घेऊन निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं, म्हणजे आमच्या भाषेत अपडाऊन, हा इथल्या शेकडो घरांचा शिरस्ता आहे. आरमोरी ते गडचिरोली अंतर पस्तीसेक किलोमीटर. वडसा–गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग पुरा होईल तेव्हा आनंदच आहे. तोवर एसटी, काळीपिवळी आणि दुचाकी.

या रस्त्याचं दुखणं वैनगंगेवरच्या पुलात नाही. ते तिला मिळणाऱ्या नद्यांत आहे. गडचिरोली आणि आरमोरीच्या मध्ये कठाणी आणि पाल या नद्या आडव्या येतात. वैनगंगा फुगली की तिचं पाणी या लहान नद्यांचं तोंड दाबून धरतं. त्यांचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे चढतं आणि रस्त्यावर येतं. म्हणून इथे पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं आणि रस्ता मात्र बंद असतो. बाहेरून आलेल्या नव्या शिक्षकाला हे पटवून देताना दरवर्षी आमची दमछाक होते.

अशा संध्याकाळी पालच्या पुलाअलीकडे काय चालतं, ते तुमच्या एखाद्या अभियंत्याने येऊन पाहावं. दुचाकींची रांग लागलेली असते. पोलिसांनी दोरी बांधलेली असते. कोणी हँडलला डब्याची पिशवी अडकवून फोनवर सांगत असतं, भात लावू नका, माझं काही खरं नाही. पलीकडून ट्रॅक्टरवर आलेल्याला सगळे एकच विचारतात, किती आहे? तो म्हणतो, घुटनाभर. दुसरा म्हणतो, मघाशी पिंडरीला होतं. म्हणजे पाणी चढतं आहे. एवढ्या दोन वाक्यांवर पन्नास माणसं ठरवतात, की इथेच थांबायचं, मागे फिरून गडचिरोलीत कोणाच्या तरी खोलीवर मुक्काम करायचा, की व्याहाडचा पूल ओलांडून सावली, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी असा चंद्रपूर जिल्हा पालथा घालून घर गाठायचं. तोही रस्ता कुठे तुटला नसेल तर. जंगलातून रात्री दुचाकीवर जायचं, तर वाघाचा विचार करावाच लागतो. १३ माणसांचा बळी घेणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्याच जंगलात जेरबंद झाला होता.

आता गंमत अशी, की आम्हाला हवी ती माहिती सरकारकडे नाही असं मुळीच नाही. धरणातून किती पाणी कधी सुटलं, हे तुमच्याकडे तासातासाला असतं. खाली वडसा, आष्टी अशा ठिकाणी नदीची पातळी मोजली जाते, इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली असते. जिल्हा प्रशासन बंद रस्त्यांची यादी काढतं, पण ती रस्ता बंद झाल्यावर. एका टोकाला क्युमेक्स, दुसऱ्या टोकाला बंद रस्ता आणि मधले तास कोणाच्याच खात्यात नाहीत. एक क्युमेक्स म्हणजे सेकंदाला हजार लिटर. पाच हजार क्युमेक्स म्हणजे सेकंदाला पन्नास लाख लिटर. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो पालच्या पुलावर किती वाजता उतरणार?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस या मधल्या तासांची किंमत सगळ्यांनी पाहिली. ऐन गणपतीचे दिवस होते. पाऊस कोसळला तो वर, मध्य प्रदेशात. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगेच्या उपनद्या भरल्या आणि गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी शिरलं, ब्रह्मपुरी तालुक्यात लाडजसारखी गावं वेढली गेली, वडसा, आरमोरी, गडचिरोलीच्या काठची धानाची शेतं बुडाली. म्हाताऱ्यांनी १९९४ चा पूर आठवला. राज्याचं मदत व पुनर्वसन खातं तेव्हा ब्रह्मपुरीच्याच आमदारांकडे होतं, म्हणजे दुखणं माहीत असलेला माणूस खात्यावर होता. बोटी आल्या, पंचनामे झाले. पण पंचनामा पाणी ओसरल्यावर होतो. आम्हाला पाणी यायच्या आधीचे बारा तास हवे आहेत.

कोणी म्हणेल, एवढं आहे तर गडचिरोलीत खोली घेऊन राहा. काही जण राहतातही. पण ज्याचा धानाचा बांध आरमोरीत आहे, ज्याचे आईवडील घर सोडायला तयार नाहीत, ज्याच्या मुलीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याने काय करावं? शिवाय कमावती माणसं एकेक करून निघून गेली, तर छोट्या शहरांत दिवसा बाजार आणि रात्री म्हातारे एवढंच उरतं. आम्ही या नदीकाठी हौसेने राहतो. पूर येणार नाही अशी हमी कोणी मागितलेली नाही. वैनगंगेला तशी हमी कोण देणार?

म्हणून मागण्या साध्या आहेत. त्यासाठी नवं धरण लागत नाही, की भूसंपादन.

पहिली, विसर्गाच्या प्रत्येक मेसेजमध्ये दोन ओळी वाढवा : हे पाणी वडशाला, आरमोरीला आणि गडचिरोलीजवळ साधारण किती वाजता पोचेल आणि तिथली पातळी इशारा पातळीच्या किती वर किंवा खाली राहील. अंदाज तासा-दोन तासांनी चुकला तरी चालेल. दुपारी तीनच्या आत आला, तर माणूस साहेबाला विचारून लवकर निघू शकतो, शाळा मुलांना वेळेत सोडू शकते, डायलिसिसचा पेशंट आदल्या दिवशीच गडचिरोलीला जाऊ शकतो.

दुसरी, बांधकाम खात्याला बरोबर घेऊन कठाणी आणि पालच्या पुलांवर दुरून वाचता येतील अशा मोजपट्ट्या रंगवा. घुटनाभर आणि पिंडरीभर यावर माणसांचे जीव सोडू नका.

तिसरी मागणी घरांची. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा कार्यालयातल्या नकाशावर असून आम्हाला उपयोग नाही. नदीकडे प्लॉट पाडून विकणारा त्या कधी दाखवत नाही आणि कर्ज काढून घर बांधणाऱ्याला त्या माहीतच नसतात. विजेच्या खांबांवर, शाळेच्या आणि समाजमंदिराच्या भिंतींवर २०२० च्या पाण्याची खूण आणि या दोन रेषा रंगवून टाका. त्या पाहून प्लॉट घ्यायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चौथी मागणी पावसाळ्याबाहेरची आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. तुमच्या नोंदीत आम्ही जून ते सप्टेंबर जिवंत असतो. नदी मात्र बारा महिने आमची आहे. मार्चनंतर पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. त्या वाळूत ढिवर मंडळी टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात. गडचिरोली शहराचं पिण्याचं पाणी याच नदीतून येतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदी आणि कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात उतरतं, तेच पुढे आमच्याकडे. वर तुमचं धरण आणि खाली चामोर्शी तालुक्यात चिचडोह बॅरेज, अशा दोन दारांमध्ये आम्ही राहतो आणि दोन्ही दारांच्या किल्ल्या दुसऱ्याकडे. उन्हाळ्यात नदीत किती पाणी सोडणार, कधी सोडणार, त्याची प्रत कशी आहे, याचं वेळापत्रक दर महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर लावा. वाडीवाल्याला आठ दिवस आधी कळलं, तर तो निदान पिकलेला माल तरी काढून घेईल.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं. अंदाजित खर्च होता ३७२ कोटी. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च कित्येक पटींनी वाढला आणि अडीच लाख हेक्टरांच्या सिंचनाची चर्चा अजून चालूच आहे. त्या हिशोबात आज पडत नाही. मी मागतो त्या दोन ओळींना, चार मोजपट्ट्यांना आणि डबाभर रंगाला एवढी वर्षं लागायचं कारण नाही. येत्या १५ जूनच्या आत ही कामं झाली, तर पहिल्या पुराच्या दिवशी आमच्यापैकी कोणाला पुलाअलीकडे ताटकळावं लागलं आणि कोण वेळेत घरी पोचलं, याचा लेखी हिशोब आम्ही आरमोरीकर स्वतः तुमच्याकडे पाठवू. पुढच्या वर्षीचा अंदाज नीट बसवायला तो तुम्हालाच कामी येईल.

कळावे,
वैनगंगेकाठचा एक अपडाऊनवाला,
आरमोरी, जि. गडचिरोली