देशी कडू, विदेशी कडू

पेडणे-डिचोलीच्या सुशिक्षित घरांतून आताशा एक नवे व्रत दिसू लागले आहे. पाहुण्यांपुढे कडू-गोड पेला ठेवण्याचे! व्हिस्की, कडू कांपारी आणि गोड व्हर्मुथ समभाग घ्यावे, बर्फावर ढवळावे, वर संत्र्याची साल पिळावी. पॅरिसच्या हॅरी मॅकएलहोन याने १९२७ साली आपल्या पुस्तकात नोंदविलेले हेच ते ‘बुलवार्दिये’. जो मुळीच पीत नाही त्याचा संयम आम्हांस वंद्य आहे. जो बेताने पितो त्याच्याशीही आमचा तंटा नाही. आमचा तंटा आहे तो, हा पेला दिवाणखान्यात मिरवून काजूची फेणी मागील दारी लपविणाऱ्या यजमानाशी.

का लपवितो तो? ‘देशी’ म्हणून! कायद्याची परिभाषाही त्याच्या साहाय्यास धावते. उसाच्या मळीचा मद्यार्क मिसळून केलेल्या व्हिस्कीस ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असे भारदस्त नाव. आणि उन्हातान्हात बोंडू वेचून, तुडवून, रस आंबवून भट्टीवर उतरविलेल्या फेणीच्या कपाळी वर्षानुवर्षे ‘देशी दारू’चा शिक्का! एकच वस्तू भारतीय आणि विदेशी दोन्ही कशी, हे कोडे आम्हां वकिलांनाही सुटलेले नाही. काजूफेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचे मद्य ठरविले. कागद सुधारला, दिवाणखाना सुधारला नाही.

कोणी म्हणेल, काजू तरी कोठे आपला? पोर्तुगीजांनीच तो ब्राझीलहून आणला. मान्य! मग ज्या परक्या झाडास आमच्या डोंगरांनी शतकानुशतके पोसून आपले केले, त्याच्याच रसाची लाज का?

कडवटपणाचेही तेच. व्हर्मुथास जिच्यावरून नाव मिळाले ती वनस्पती, चैत्रात आपण देवाला वाहतो त्या दवण्याची सगोत्रच आहे. पाडव्याला कडुलिंब आणि गूळ खाऊन कडू-गोडाची दीक्षा आम्ही बाळपणीच घेतली; ती मिलानहून मागविण्याचे कारण नव्हते.

भट्टीचा हंगाम उन्हाळ्यापुरता. तिचा माल हलका ठरला की बोंडू वेचणारीची मजुरी बुडते आणि भट्टी कायमची विझते. म्हणून पेला भरणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच : लाज वाटायचीच तर अतिरेकाची वाटू द्या, कष्टकऱ्याच्या मालाची नको. एकदा व्हिस्कीच्या जागी फेणी घालून पाहा. आणि पाहुण्याने विचारले, तर भट्टीचे गाव उघड्या तोंडाने सांगा.