हरतालिकेचे व्रत आणि गृहिणीची घेरी

भाद्रपद शुद्ध तृतीया उजाडते ती घरच्या स्त्रीच्या धांदलीनेच. पहाटेचे स्नान, वाळूचे शिवलिंग, नाना प्रकारच्या पत्री, सखीसह पार्वतीची पूजा, कहाणीचे श्रवण आणि रात्रीचे जागरण. आणि अनेक घरांत हे सारे निर्जळी उपवासाने. रुईच्या पानावरचे तूप चाटून उपवास सुटतो न सुटतो तोच गणरायाच्या स्वागताची घाई सुरू होते. उकड काढायची, एकवीस मोदक वळायचे, पंगती वाढायच्या. पाठोपाठ ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. असे दिवस ओळीने गेले म्हणजे ओट्यापाशी उभी असलेली माउली भिंतीचा आधार घेते आणि म्हणते, "काही नाही, जरा डोके जड झाले आहे."

घरातले सारे हे ऐकतात आणि पुढच्या कामाला लागतात. कोणी म्हणतो पित्त झाले, कोणी म्हणतो दृष्ट लागली, आणि कोणी कौतुकाने म्हणतो, कडक व्रत केले की असे व्हायचेच! या शेवटच्या उद्गाराविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. घेरी येणे ही काही व्रत पूर्ण झाल्याची पावती नव्हे.

दिवसभर पाणी पोटात गेले नाही की शरीरातील द्रव कमी होतो. मग बसलेली स्त्री चटकन उभी राहताच रक्तदाब क्षणभर खाली येतो, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशीपोटी रक्तातील साखर उतरली तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना उपवास आणि जागरण ही दोन्ही निमित्ते पुरेशी होतात. रोज दोनदा चहा घेणाऱ्या व्यक्तीचे डोके केवळ तो चुकला म्हणूनही ठणकू शकते. ही कारणे तात्पुरती. पाणी, अन्न आणि झोप मिळाली की बहुधा निवळणारी.

परंतु सण सरला, गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, तरी जिना चढताना धाप लागते, थकवा जात नाही, डोके जडच राहते, तेव्हा उपवासाला दोष देऊन भागत नाही. आपल्याकडे अशा तक्रारींमागे पुष्कळदा रक्तक्षय असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे हरतालिकेच्या पूजेला जमलेल्या दहा जणींत निम्म्याहून अधिक! ज्यांच्या रक्तात आधीच लोह उणे आहे, त्यांना हा उपवास दुप्पट जड जातो. शाकाहारी घरांत 'ब-१२' या जीवनसत्त्वाची उणीवही वारंवार दिसते. थायरॉइडचे विकार, अनियंत्रित रक्तदाब यांची लक्षणेही अशीच मोघम असतात. कुशीवर वळताच खोली गरगर फिरू लागली तर दोष बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असतो, आणि त्यावर वैद्यकीय इलाज आहे. घरच्या घरी तर्क करण्यापेक्षा रक्ताची एक साधी तपासणी अधिक सांगून जाते.

यावर कोणी विचारील, मग व्रते सोडावीत काय? मुळीच नाही. परंतु व्रताचे नियम सांगणाऱ्यांनीच व्रतस्थाची काळजी किती वाहिली आहे, ते आपण विसरतो. महाभारतातील विदुरनीतीत ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे सांगितले आहे, त्यांत पाणी आहे, कंदमुळे आहेत, फळे आहेत, दूध आहे आणि औषधही आहे. ज्या पार्वतीच्या तपाचे स्मरण म्हणून हे व्रत आपण करतो, तिला कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त बटुवेशातील प्रत्यक्ष शंकरच विचारतात की, तप आपल्या शक्तीनुसार करतेस ना? धर्माचरणाचे पहिले साधन हे शरीरच, अशी आठवण ते तिला देतात. देवाने विचारलेला हा प्रश्न आपल्या घरातल्या पार्वतीला कोणी विचारतो काय?

म्हणून काही पथ्ये घरानेच ठरवावीत. गर्भवती, अंगावर पाजणारी, आजारातून उठलेली स्त्री यांनी निर्जळी राहू नये. त्यांना तसा आग्रहही कोणी करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या अथवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे. औषधाच्या मात्रेविषयी व्रतापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, गोळी मनाने बंद करू नये. उपवास सोडताना एकदम तळलेल्या पदार्थांवर न जाता पाणी, ताक, फळ असे सावकाश घ्यावे. साबुदाणा म्हणजे बव्हंशी पिष्ट. त्याच्या जोडीला दाणे, राजगिरा, दूध असावे. एरवीच्या जेवणात पालेभाजी-कडधान्यांवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून दूर ठेवावा. लोह अंगी लागण्यास दोन्हींची मदत होते.

घेरी आलेल्या व्यक्तीला आडवे निजवून पाय किंचित उंच करावेत; शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका अंगाची शक्ती गेली, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर मुहूर्त न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि सर्वांत मोठे पथ्य पुरुषांसाठी व मुलांसाठी. मोदकांची उकड मळणे, पंगत वाढणे, भांडी विसळणे यांत कमीपणा कसला? व्रत तिने एकटीने करावे आणि श्रमही तिनेच एकटीने करावेत, असे कोणत्याही कहाणीत सांगितलेले नाही. यंदा "डोके जड झाले आहे" असे शब्द कानी पडताच हातातले काम टाकून तिला आधी बसवावे, पाण्याचा पेला पुढे करावा आणि सण आटोपताच तिला तपासणीला न्यावे. अखंड सौभाग्याची प्रार्थना ती घरासाठी करते. तिच्या आरोग्याची प्रार्थना घराने करावी, आणि ती अशा कृतीने करावी.