हात का बधिर होतो?

तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळातील (१७९८–१८३२) नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. दुखण्याची नोंद ठेवण्याची ही शिस्त खांद्याच्या विकारातही उपयोगी पडते.

हाताकडे जाणारे मज्जातंतू व रक्तवाहिन्या गळ्याजवळचे आडवे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधून जातात. वाकून लाकूड कोरणारा वीणेचा कारागीर असो वा आमच्यासारखा भाषांतरकार, खांदे पुढे झुकले की ही वाट अरुंद होते. मग करंगळीला मुंग्या येतात. हात उंचावताच जड होतो. कोणास जन्मतःच एक जादा बरगडी असते.

चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेहात, खांदा आखडतो, तो विकार निराळा. त्यात दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. म्हणून निदानापूर्वी चोळणे-ओढणे टाळावे. कोणत्या कामाने त्रास वाढतो, हे लिहून डॉक्टरांस दाखवावे. पुष्कळदा योग्य व्यायामानेच आराम पडतो. मात्र हात एकाएकी सुजला, निळसर झाला किंवा पांढरा व थंड पडला, तर रक्ताची गुठळी संभवते. तेव्हा तेल शोधीत न बसता तडक रुग्णालय गाठावे.