विश्लेषण : गाव एका बाजूला, माणूस एका बाजूला, केशवसुतांच्या मालगुंडमधून ‘गावकी’कडे पाहताना

गणपतीपुळ्याला आलेला पर्यटक वाकडी वाट करून शेजारच्या मालगुंडला जातो, केशवसुतांचे जन्मघर पाहतो, स्मारकात फोटो काढतो आणि परततो. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ चा. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ते शाळेच्या पुस्तकात भेटतात. पण रूढीला ‘का?’ असे विचारणाऱ्या माणसाचे गावाने काय करायचे, हा त्यांच्या कवितेतला प्रश्न कोकणात आजही जुना झालेला नाही.

केशवसुतांचे वेगळेपण काय?

‘तुतारी’ ही कविता १८९३ ची. ‘नवा शिपाई’मधला ‘मी’ जात आणि पंथ ही आपली ओळख मानायला नकार देतो. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितेत तर शिवाशिवीला आव्हान मिळते ते एका लहान मुलाच्या साध्या प्रश्नातून. या काळामागे गोपाळ गणेश आगरकरांचा विवेकवाद होता. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या आगरकरांची कसोटी सरळ होती : चाल जुनी आहे म्हणून नव्हे, तर बुद्धीला पटते म्हणून पाळा. त्याची किंमत म्हणून जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली.

आज हा प्रश्न कुठे उभा राहतो?

गावकीत. कोकणात गावकी म्हणजे अडीनडीला धावून येणारी माणसे. लग्नात मांडव घालणारी, मयताला खांदा देणारी, चाकरमानी मुंबईत असताना त्याच्या घरावर लक्ष ठेवणारी. ही ताकद खरी आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण हीच ताकद उलटली, की वाळीत टाकणे सुरू होते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतून अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. कारणे अनेकदा छोटी असतात : जातीबाहेरचे लग्न, निवडणुकीत वेगळी बाजू, बैठकीत हिशोब मागणे. मग शिमग्यात पालखी दाराशी थांबत नाही आणि बोलणाऱ्यालाही दंडाची भीती दाखवली जाते.

कायदा काय सांगतो?

वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्येच कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. धर्मसमूहाला आपला कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार तेव्हा वरचढ ठरला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा मंजूर केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यामागचे तत्त्व राज्यघटनेतच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मसुद्याने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले होते.

मग लोक गप्प का बसतात?

कारण एकटे पडण्याची भीती कायद्याच्या भीतीपेक्षा जवळची असते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कागदावरच्या रेघांपैकी सारख्या लांबीची रेघ कोणती, एवढाच प्रश्न. पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत. तेव्हा खऱ्या सहभागींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसणारे सोडून गर्दीच्या मागे गेली. याच प्रयोगातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची : खोलीतल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकांचे प्रमाण झपाट्याने घसरले.

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच घडते. एखाद्याला बाजूला टाकायचा मेसेज पडतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. त्यातल्या कितीजणांना तो खरोखर पटलेला असतो, हे कुणालाच कळत नाही.

एकटा माणूस नेहमी बरोबर असतो का?

नाही. एकटे असणे हा बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. लस नाकारणारा किंवा मनाला येईल ते फॉरवर्ड करणाराही स्वतःला बंडखोरच समजतो. आगरकरांच्या वाटेत बुद्धीची कसोटी आधी स्वतःच्या मताला लागते. गावाशी फटकून राहणे म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य, हाही गैरसमजच. हिशोब मागणारा माणूस बहुतेकदा गावात राहायचे असते म्हणूनच तो मागतो. निघून जायचे असते, तर त्याने मुंबईची गाडी पकडली असती.

म्हणून गावकी मोडायची गरज नाही, तिला ‘नाही’ ऐकायची सवय लागायला हवी. तक्रारीवर पोलिसांनी ‘गावात मिटवा’ न म्हणता गुन्हा नोंदवावा, ही पहिली गरज. आणि बैठकीत किमान एकाने ‘मला हे पटत नाही’ म्हणावे, ही दुसरी. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले. तिथे हार घालणे सोपे आहे. त्यांच्यासारखा प्रश्न विचारणारा शेजारी पुढच्या शिमग्यात पालखीच्या वाटेवर राहतो की नाही, खरी परीक्षा तिथे आहे.