मशीनने सांगितलं म्हणून?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत लिहिताना आजही ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. पण हा विषय घरच्या भाषेतच बोलायचा आहे, म्हणून हे धाडस!

गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या रणरणत्या उन्हात, आमच्या कॉलनीतल्या एका काकांचं हृदय अचानक बंद पडलं. छाती दाबून-दाबून ते पुन्हा सुरू झालं, शुद्ध मात्र आली नाही. चौथ्या दिवशी मेंदूचा एमआरआय झाला. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मला म्हणाला, "तू इंजिनीअरिंगला आहेस ना? मग सांग, हे पांढरं दिसते ते काय आहे?" मला सांगता आलं नाही. बाजूला एक नातेवाईक म्हणून राहिले होते, "मशीन का खोटं बोलते? आता कायले पैसे घालता?"

त्या रात्रीपासून मी याबद्दल वाचत बसले.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे 20 टक्के. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशींमधले 'पंप' बंद पडतात, पाणी आत शिरून पेशी फुगतात आणि त्या पाण्याची हालचाल अडते. डिफ्यूजन एमआरआय हीच हालचाल मोजतो. जिथे ती अडली, तिथे पांढरं चकाकतं. म्हणजे चित्र खोटं नसतं. पण ते पेशींची आजची अवस्था सांगतं. 'माणूस जागा होईल का' हे उत्तर त्यातून आपण काढतो! शिवाय पहिल्या काही तासांत स्कॅन बरा दिसू शकतो, आणि आठवडा उलटला की तो पांढरेपणा पुन्हा फिका पडतो. म्हणूनच युरोपातल्या डॉक्टरांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, किमान 72 तास थांबा. एमआरआय 2 ते 7 दिवसांत करा. आणि डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी, नसांची चाचणी, रक्ततपासणी, स्कॅन यांपैकी निदान दोन पुरावे जुळल्याशिवाय 'आशा नाही' असं ठरवू नका.

'कंट्रोल सिस्टिम'मध्ये आपण फीडबॅक शिकतो. इथेही तोच लूप आहे. स्कॅन वाईट, म्हणून व्हेंटिलेटर काढला, म्हणून रुग्ण गेला, म्हणून नोंद झाली 'अंदाज बरोबर'! अंदाजच निकाल घडवत असेल, तर तो चुकलेला दिसणार कसा? उद्या आपल्यापैकीच कुणी या नोंदींवर एखादा प्रोग्राम शिकवेल, आणि तो हीच चूक पूर्ण आत्मविश्वासाने करेल.

मग काय, व्हेंटिलेटर कधीच काढायचा नाही? असं मी म्हणत नाही. अरुणा शानबाग आठवा. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळला गेला आणि मेंदूचा ऑक्सिजन तुटला. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून जास्त सांभाळलं. पण त्या पूर्ण शुद्धीवर कधीच आल्या नाहीत. त्यांच्याच खटल्यात 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवण्याचा मार्ग काही अटींवर उघडला. 2018 मध्ये कोर्टाने आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. त्यातही निर्णय एका डॉक्टरचा नाही, एका फिल्मचा तर नाहीच. डॉक्टरांची दोन मंडळं लागतात.

माझं म्हणणं एवढंच. घरच्यांना नुसतं 'होप नाही' न सांगता कोणत्या तपासण्या झाल्या, कोणत्या राहिल्या आणि खात्री किती, हे साध्या मराठीत सांगावं. आणि उद्या अशी मशीन्स बनवणाऱ्या आपण प्रत्येक आकड्यामागे विचारावं, हा निकाल निसर्गाने दिला की आपणच?

काकांच्या पुढच्या तपासण्याही वाईटच आल्या. अकराव्या दिवशी ते गेले. एमआरआय बरोबरच निघाला म्हणा. तरी दादा परवा म्हणाला, "थांबलो ते बरं झालं. नाही तर जन्मभर वाटलं असतं, आपणच घाई केली."