करमाफीचा कौल आणि परकी भांडवल

परकी उद्योगपती आपल्या जिल्ह्यात यावा म्हणून शासनाने करांत जितकी सूट द्यावी तितकी थोडीच, आणि शेजारच्या राज्याने एक रुपया सोडला तर आपण दोन सोडले पाहिजेत, हा पक्ष छत्रपती संभाजीनगरात अलीकडे इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की, त्याविषयी शंका काढणारा मनुष्य मराठवाड्याच्या उत्कर्षाचा वैरी ठरावा. 2024 च्या जुलैअखेर टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीने सुमारे 20,000 कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केल्यापासून तर या पक्षाला प्रत्यक्ष प्रमाणच गवसल्यासारखे झाले आहे. त्याचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. संदेह आहे तो त्याच्या अनुमानाविषयी.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हे वादातले अप्रामाणिक कृत्य होय. म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशीच मांडू. मराठवाडा बंदरापासून दूर, पर्जन्यछायेतला आणि निजामी अमलात उद्योगधंद्यांच्या बाबतीत उपेक्षित राहिलेला प्रदेश; निसर्गाने आणि इतिहासाने पाडलेली ही तूट भरून काढण्याचे करसवलत हेच हुकमी साधन; राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून याच तत्त्वावर चालत आली, आणि बजाज ऑटोने 1985 साली वाळूजला कारखाना काढला त्यास विक्रीकराच्या सवलतीचाही हातभार होता. उलटपक्षी 2022 च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला न येता गुजरातेत गेला, तो आपण हात आखडता घेतल्यामुळेच, असे हा पक्ष सांगतो.

यांतले शेवटचे उदाहरण प्रथम निकालात काढणे सोपे आहे. 2023 च्या जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले आणि ज्या प्रकल्पासाठी महाराष्ट्रात वर्षभर शोक झाला, तो गुजरातेतही उभा राहिला नाही. औदार्याच्या चढाओढीत जिंकणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचा याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

टोयोटाचे उदाहरण अधिक विचारार्ह आहे; तिच्या नियोजित कारखान्याची जागा बिडकीनची. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर आखलेल्या ऑरिक या औद्योगिक नगरीचे उद्घाटन 7 सप्टेंबर 2019 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. शेंद्र्याला ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना आला. परंतु बिडकीनचा विस्तीर्ण माळ त्यानंतर चार-पाच वर्षे बव्हंशी मोकळाच राहिला. आमचे प्रतिपक्षी यावर म्हणतील की, नुसत्या रस्त्यांनी आणि जमिनींनी भागत नाही याचाच हा पुरावा. आक्षेप वजनदार आहे. पण तो उलटतो. कारण 2019 ची प्रोत्साहन योजना त्या सर्व काळात अमलात होती, आणि मागास भागांसाठी असलेले तिचे औदार्यही शाबूत होते. सवलत होती, तरी माळ मोकळा होता. तेव्हा आता माळ भरू लागला तो केवळ सवलतीने, असे म्हणण्यास आधार उरत नाही.

परंतु या शहराला परकी भांडवलाचा खरा धडा दिला तो चेक प्रजासत्ताकातील स्कोडा कंपनीने, आणि तो धडा अजून नीट वाचला गेलेला नाही. 2001 साली शेंद्र्याला तिचा कारखाना सुरू झाला, ऑक्टाव्हिया ही मोटार रस्त्यावर आली आणि शहराच्या अभिमानाला भरते आले. ते स्वाभाविकच होते. तथापि येथे मुख्यत्वे चालत असे ते परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करण्याचे काम. कारण तयार मोटारीवरील आयातशुल्क जबर आणि सुट्या भागांवरील हलके, या जकातीच्या फरकातच अशा कारखान्याचे अर्थशास्त्र सामावलेले असते. पुढे स्कोडा ज्या उद्योगसमूहाची, त्यानेच 2009 साली पुणे जिल्ह्यातील चाकणला मोठा कारखाना उघडला, आणि बहुतांश भाग याच देशात घडवून तयार होणारी कुशाक व स्लाव्हिया ही वाहने निघाली ती तेथून. चाकणला सवलत मिळालीच नाही असे नव्हे. परंतु मागासपणाच्या प्रमाणात सवलत वाढवणाऱ्या शासकीय वर्गवारीत मराठवाड्याचा हक्क अधिक असताही सखोल उत्पादन तिकडे गेले. तिकडे पुरवठादार होते, बंदर जवळ होते, कसबी माणसे होती. 2024 साली सीमाशुल्क खात्याने या समूहाच्या भारतातील कंपनीला सुमारे 1.4 अब्ज डॉलरच्या शुल्कमागणीची नोटीस बजावली. जवळजवळ संपूर्ण मोटारच सुट्या भागांच्या नावाखाली आणली, असा खात्याचा आरोप, तर कंपनीने त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. वादाच्या गुणदोषांत शिरण्याचा आम्हांस अधिकार नाही. करातील फरक हाच ज्याचा पाया, त्या उद्योगाचे भवितव्य वर्गीकरणाच्या एका कलमावर लोंबकळते, एवढेच येथे नोंदवावयाचे.

याउलट वाळूजकडे पाहावे. बजाजला विक्रीकराची सवलत होती, आणि 2007 च्या सुमारास उत्तराखंडातील उत्पादनशुल्क-माफीने तिला पंतनगरलाही खेचून नेले. पुण्याजवळच्या आकुर्डीतील तिचे उत्पादन तर त्याच वर्षी थांबले. वाळूज मात्र चालू राहिले. भोवताली सुट्या भागांचे लघुउद्योजक, हत्यारे घडवणारे कारागीर, आयटीआयमधून निघालेली मुले असे जे गोत जमले होते, ते सहजासहजी उचलून अन्यत्र नेता येण्यासारखे नव्हते.

आता आयकराविषयी थोडे. नव्या उत्पादक कंपन्यांना 2019 साली दिलेला 15 टक्क्यांचा दर 31 मार्च 2024 नंतर सुरू होणाऱ्या कारखान्यांस मिळत नाही. तो पुन्हा आणावा, किंबहुना परकी कंपन्यांना काही वर्षे पूर्ण माफी द्यावी, अशी मागणी होते. मागणी करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही की, वार्षिक उलाढाल 75 कोटी युरोंहून अधिक असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांवर किमान 15 टक्के कर पडावा, या आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी कोरिया आणि जपान या दोन्ही देशांनी 2024 पासून आरंभली आहे. म्हणजे आपण 15 टक्क्यांखाली जे सोडू, त्यातील पुष्कळसा भाग कंपनीच्या तिजोरीत न राहता सोल किंवा टोकियोच्या सरकारी खजिन्यात जाऊन पडेल. दुष्काळी प्रदेशाच्या रयतेने श्रीमंत राष्ट्रांना पाठवलेली ही खंडणी कोणत्या विकासशास्त्रात बसते?

परकी कंपनीला कवडीचीही सूट देणे म्हणजे देश विकणे, असे म्हणणारा दुसरा पक्षही आहे. त्याला एवढेच विचारावे की, शेंद्र्याच्या यंत्रावर बसलेल्या शेजारच्या करमाड गावच्या मुलाला त्याने कोणते पर्यायी काम देऊ केले आहे.

आमचा पक्ष या दोहोंहून निराळा असून तो नवा नाही. मराठेशाहीत पड जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला इस्ताव्याचा कौल मिळे: पहिल्या वर्षी नाममात्र धारा, पुढे दरसाल चढता, आणि ठरल्या मुदतीअखेर जमाबंदीचा पूर्ण आकार. नव्या पेठेत वसणाऱ्या उदम्यालाही काही वर्षे जकात व पट्ट्या माफ असत. या व्यवस्थेत सूट मिळे ती लागवड करणाऱ्याला, नुसती सनद घेऊन बसणाऱ्याला नव्हे. आणि तिची अखेर पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेली असे. आजच्या मोठ्या प्रकल्पांसाठी मंत्रिमंडळाची उपसमिती जी खास पॅकेजे मंजूर करते, त्यांना हीच कसोटी लावावी. सूट गुंतवणुकीच्या घोषणेवर न देता स्थानिक पुरवठादारांकडून झालेल्या खरेदीवर आणि प्रत्यक्ष वेतनावर द्यावी. ती दरसाल उतरती असावी. आणि 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचा राज्याचा जो 2008 चा दंडक आहे, त्याच्या पालनाचा दाखला मिळाल्यावाचून पुढचा हप्ता सोडू नये.

आणि सवलतीपलीकडे शहराच्या नियोजनाचे काय? मलिक अंबराने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवले तेव्हा त्याने नहरीने पाणी आणून शहर तगवले. त्या नहरीचे अवशेष आजही आहेत. आमच्या काळात जायकवाडीचा नाथसागर हाकेच्या अंतरावर असता शहराला कित्येक दिवसांआड नळाचे पाणी मिळत आले, 1,680 कोटींची पाणीयोजना 2,740 कोटींवर गेली, आणि 2016 च्या दुष्काळात मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. परदेशी व्यवस्थापक येथे घर करण्याचा विचार करतो तेव्हा कराच्या दराआधी पाण्याची चौकशी करतो, आणि त्याचे चुकते असे म्हणवत नाही. माफीत जाणारा पैसा याच खजिन्यातून जातो. तोच जलवाहिनी, आयटीआय आणि वीजवाहिनी यांत गेला, तर परकी कंपनीबरोबर वाळूजच्या लघुउद्योजकालाही लाभतो.

म्हणून शासनाकडे आमचे मागणे एकच आहे: मराठवाड्यातील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला कोणत्या वर्षी किती सूट दिली आणि त्याबदल्यात किती स्थानिक खरेदी व किती रोजगार मिळाला, याचा कंपनीवार तक्ता दरवर्षी हिवाळी अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावा, आणि तो ठेवला जाईपर्यंत नव्या पॅकेजांवर सही करू नये.